उदासिनीकरणाची समीकरणं: अणू जुळले, तरी उत्तर चूक?

रापण (देवगड)

नमस्कार मंडळी. लेक नववीला आहे, सेमी इंग्लिश. विज्ञान इंग्रजीतून असलं तरी घरी समजावायचं मराठीतच, आणि माझी रसायनशास्त्राशी बारावीनंतर गाठ पडलेली नाही. घटक चाचणीत प्रश्न होता: सल्फ्युरिक आम्ल व सोडिअम हायड्रॉक्साइड यांची अभिक्रिया लिहा आणि समीकरण संतुलित करा. तिने लिहिलं:

एनएओएच + एच₂एसओ₄ → एनएएचएसओ₄ + एच₂ओ

त्यावर मोठी फुली. वर्गात फळ्यावर दिलेलं उत्तर असं:

२ एनएओएच + एच₂एसओ₄ → एनए₂एसओ₄ + २ एच₂ओ

मी दोनदा मोजलं. तिच्या समीकरणात दोन्ही बाजूंना सोडिअम १, हायड्रोजन ३, गंधक १, ऑक्सिजन ५. सगळं जुळतंय. मग चूक काय? शिवाय तिची पद्धत म्हणजे आकडे मागेपुढे करत बसायचं, जमलं तर जमलं. चुना आणि फॉस्फोरिक आम्लाचं समीकरण अजून सुटलेलं नाही. काही सरळ रीत आहे का?

(फोनवर सारखा कीबोर्ड बदलायचा कंटाळा, म्हणून सूत्रं मराठीत टाईप केलीत. वहीत ती रोमन अक्षरांतच लिहिते, काळजी नसावी.)

भरतीओहोटी (गुहागर)

शाळेत जाऊन विचारा की. इथे विचारून मार्क वाढणार आहेत का?

रापण (देवगड)

मार्कांसाठी नाही हो विचारत. "चूक आहे" एवढंच कळलं, "का" ते तिलाही कळलं नाही आणि मलाही.

जयगडचा_दीपस्तंभ

रापणताई, नोकरीभर हाच धडा शिकवला, त्यामुळे राहवत नाही. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सोपा आहे.

बहुतेक मुलं चारही पदार्थ लिहून घेतात आणि डावीकडून उजवीकडे अणू मोजत सुटतात. उदासिनीकरणात (आम्ल आणि आम्लारी एकमेकांना मारतात तेव्हा) एवढी यातायात करायची गरजच नाही. आम्ल किती एच देऊ शकतं ते बघा, आम्लारी किती ओएच देते ते बघा. एक एच आणि एक ओएच मिळून पाण्याचा एक रेणू. सगळा हिशोब तेवढाच.

फॉस्फोरिक आम्लाचंच घेऊ, एच₃पीओ₄. देऊ शकणारे एच तीन. चुना, म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइड, सीए(ओएच)₂. ओएच दोन. तीन आणि दोनचा लसावि सहा. सहा एच हवेत तर आम्लाचे रेणू दोन. सहा ओएच हवेत तर चुन्याचे तीन. पाणी सहा. झालं!

२ एच₃पीओ₄ + ३ सीए(ओएच)₂ → सीए₃(पीओ₄)₂ + ६ एच₂ओ

क्षार मी वेगळा शोधला नाही. तीन कॅल्शिअम उरले, दोन फॉस्फेट उरले, ते एकत्र लिहिले. संयुजांच्या तिरक्या अदलाबदलीने ताडून बघा, कॅल्शिअमची दोन, फॉस्फेटची तीन, तेच सूत्र येतं. शेवटी ऑक्सिजन मोजायचा, तो पडताळा म्हणून. डावीकडे ८ आणि ६ मिळून १४, उजवीकडे ८ आणि ६ मिळून १४.

पेपर तपासताना एक चूक फार दिसायची. आकडा जुळत नाही म्हणून मुलं सूत्राच्या पोटातला बारका आकडा बदलतात. ऑक्सिजन एक कमी पडला की एच₂ओ चं एच₂ओ₂ करून मोकळी. ते पाणी राहिलं नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड झालं. बदलायचा तो फक्त पुढचा मोठा आकडा. सूत्र एकदा बरोबर लिहिलं की त्याला हात लावायचा नाही.

चाकरमानी_परळ

सर, एक शंका. एच मोजा म्हणालात. व्हिनेगरमधल्या अ‍ॅसेटिक आम्लात हायड्रोजन चार आहेत. मग चार कॉस्टिक (सोडिअम हायड्रॉक्साइड) लागणार का?

जयगडचा_दीपस्तंभ

शंका रास्त आहे, म्हणूनच वर "देऊ शकणारे" असं लिहिलं. सीएच₃सीओओएच. यातले तीन एच कार्बनला चिकटलेले, ते पाण्यात सुटत नाहीत. शेवटचा एकटा सुटतो. म्हणून एकास एक:

सीएच₃सीओओएच + एनएओएच → सीएच₃सीओओएनए + एच₂ओ

लिंबातल्या सायट्रिक आम्लात हायड्रोजन आठ, देणारे तीनच. चिंचेतल्या टार्टारिकमध्ये सहा, देणारे दोन. कार्बनी आम्लात सीओओएच गट मोजायचे, हायड्रोजन नव्हे. पुस्तकात याला आम्लाची आम्लारिधर्मता म्हणतात. मुलं व्याख्या पाठ करतात आणि गणितात वापरायला विसरतात.

सोलकढी_आणि_मी

आमसुलाचं काय मग? आमच्याकडे ते सायट्रिकच समजतात.

लोटे_शिफ्ट_बी

आमसुलातलं मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक. सायट्रिकचाच भाऊबंद, त्यातही सीओओएच गट तीनच. तेव्हा कॉस्टिक तीन, पाणी तीन.

आता रापण यांच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो, कारण त्यावर कुणी बोललंच नाही. मी ईटीपीवर (कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर) काम करतो, आमचा धंदाच आम्ल मारण्याचा. तुमच्या लेकीने लिहिलेली अभिक्रिया खोटी नाही. एक मोल (रेणूंचं ठरावीक मोजमाप) सल्फ्युरिकमध्ये एकच मोल कॉस्टिक घातलं तर हेच होतं. जो पदार्थ होतो त्याला सोडिअम बायसल्फेट म्हणतात, तो पोत्याने विकत मिळतो, पोहण्याच्या तलावातल्या पाण्याचा सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल जास्त) खाली आणायला वापरतात. सामू खाली आणतो याचा अर्थ लक्षात घ्या, तो अजून आम्लच आहे. एक एच गेला, दुसरा शिल्लक.

शंभर किलो शुद्ध सल्फ्युरिक मारायला साधारण ८२ किलो कॉस्टिक लागतं (९८ ला ८०, या प्रमाणात). ४१ किलो घालून थांबलात तर तिचं समीकरण तंतोतंत घडलेलं असेल आणि सामूची पट्टी लालभडकच राहील. ते पाणी सोडलं तर माझी नोकरी जाईल.

चाकरमानी_परळ

म्हणजे समीकरण बरोबर, उदासिनीकरण अर्धवट. मग मार्क मिळायलाच हवेत! प्रश्नात "पूर्ण" हा शब्द कुठे आहे?

जयगडचा_दीपस्तंभ

थांबा. धडा उदासिनीकरणाचा, तिथे आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी होतं हे शिकवलेलं. क्षारात सुटणारा एच शिल्लक असेल तर काम अर्ध्यात सोडलं. मी असतो तर अर्धे गुण दिले असते.

लोटे_शिफ्ट_बी

सर, आदर राखून असहमत. बायसल्फेट हाही क्षारच, आम्लधर्मी क्षार. प्रश्न "अभिक्रिया लिहा" असा आहे, आणि तिने लिहिलेली अभिक्रिया घडते. किती ओतलं ते प्रश्नात दिलेलं नाही. पोरीने पूर्ण गुणांचं उत्तर दिलंय. फक्त तिला ते माहीत होतं, की आकडे जुळवताना हाताला लागलं, एवढंच विचारा.

रापण (देवगड)

विचारलं. म्हणाली, "पुढे आकडा न घालता जुळलं म्हणून तेच ठेवलं." 😄

जयगडचा_दीपस्तंभ

मग माझे अर्धे गुण कायम!

चेष्टा सोडा, पण मुद्दा इथेच आहे. समीकरण ही जमाखर्चाची वही आहे. आलेलं आणि गेलेलं जुळलं पाहिजे एवढंच ती बघते. व्यवहार मुळात झाला का, कुठवर झाला, हे वही सांगत नाही. बायसल्फेटचं समीकरण जुळतं, सल्फेटचंही जुळतं. कोणतं लिहायचं ते तुम्ही किती कॉस्टिक ओतलंत त्यावर. लॅव्हाझिएने १७८९ च्या आपल्या ग्रंथात वस्तुमान टिकून राहतं हे मांडलं, संतुलनाचा नियम त्यातूनच येतो. पण त्या नियमाने नुसते अशक्य पर्याय बाद होतात. शक्य पर्यायांतला खरा निवडायला पुढचं रसायनशास्त्र लागतं.

हर्णै_बंदर

विषय भरकटवतोय, पण चुन्याचं निघालंच आहे तर विचारतो. आमच्या भाताच्या खाचरात माती परीक्षणाच्या कागदावर सामू ५.४ आला. चुना घाला म्हणाले. किनाऱ्यावर शिंपल्यांचे ढीग पडलेत, ते दळून घातले तर चालतील का? की भाजायलाच हवेत?

लोटे_शिफ्ट_बी

चालतील. शिंपला म्हणजे बहुतेक कॅल्शिअम कार्बोनेटच. तो आम्लाशी अशी अभिक्रिया करतो:

सीएसीओ₃ + २ एचसीएल → सीएसीएल₂ + एच₂ओ + सीओ₂

इथे ओएच नाहीत, तरी आम्ल मरतं. वायू उडून जातो. पण बारीक पूड हवी. जाड तुकडे टाकलेत तर वर्षानुवर्षं तसेच दिसतील.

भाजले तर कार्बन डायऑक्साइड भट्टीतच निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलं की तो उकळतो, फुलतो आणि विरतो. तो जलद काम करतो, पण हात भाजतो आणि जास्त पडला तर पिकाला त्रास. शेताला पूडच बरी. किती टाकायची ते मात्र नुसत्या सामूवरून काढू नका, माती परीक्षण केंद्राकडूनच घ्या. चिकणमाती आणि रेताड माती यांना एकाच सामूला वेगवेगळा चुना लागतो.

पारिजातक_लांजा

कृषीचं शिकले आहे म्हणून थोडी भर. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो मातीतलं कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, पोटॅश धुऊन नेतो. त्यांच्या जागा हायड्रोजन आणि अ‍ॅल्युमिनिअमचे आयन घेतात. सामू साडेपाचच्या खाली गेला की अ‍ॅल्युमिनिअम विरघळू लागतो आणि मुळं आखूड, जाडसर होतात. चुन्याचा खरा फायदा तिथे:

२ एएल³⁺ + ३ सीएसीओ₃ + ३ एच₂ओ → २ एएल(ओएच)₃ + ३ सीए²⁺ + ३ सीओ₂

रापण, लेकीला हे दाखवा. यात अणू मोजून भागत नाही, प्रभारही जुळावा लागतो. डावीकडे दोन अ‍ॅल्युमिनिअमचे मिळून +६, उजवीकडे तीन कॅल्शिअमचे +६. गंमत म्हणजे इथे पाणी डावीकडे, खर्चाच्या बाजूला.

जयगडचा_दीपस्तंभ

वा! पाणी-आधी ही माझी रीत कुठे लंगडी पडते ते यावरून सांगता येईल. आम्लारीत ओएच असेल तिथे ती बिनचूक. कार्बोनेट, खायचा सोडा, ऑक्साइड, अमोनिया यांना थोडं जपून. कळीच्या चुन्यात ओएच नाही, पण त्यातला एक ऑक्सिजन दोन एच घेतो आणि पाणी एकच होतं. खायच्या सोड्याचा एक रेणू एक एच घेतो. लिंबू पिळलंत तर सायट्रिकच्या एका रेणूला सोडा तीन, पाणी तीन, वायूही तीन. अमोनियात तर पाणी होतच नाही:

एनएच₃ + एचसीएल → एनएच₄सीएल

एच सरळ अमोनियाने घेतला, सोडायला ओएच नव्हताच. मुलं सवयीने पुढे "+ एच₂ओ" लिहितात आणि मग ऑक्सिजन कुठून आणायचा म्हणून डोकं धरून बसतात.

मालवणी_खाजा

अरे मेल्यांनू, इतक्या सोप्या गजालीचो केवढो गोंधळ केल्यात! रविवारी वडे-सागोती जरा जास्त झाली की मी जेलुसिल घेतंय आणि गप पडतंय. माझा उदासिनीकरण झाला. 😀

लोटे_शिफ्ट_बी

खाजा, तुमच्या जेलुसिलमध्ये अ‍ॅल्युमिनिअम हायड्रॉक्साइड आणि मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइड असतं. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल. पहिल्याचं समीकरण:

एएल(ओएच)₃ + ३ एचसीएल → एएलसीएल₃ + ३ एच₂ओ

दोन्ही हायड्रॉक्साइडं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, म्हणून बाटली हलवून घ्यायची आणि म्हणूनच ती पोटात बेताने काम करतात. कॉस्टिकनेही आम्ल मरेल, कागदावर समीकरण झकास जुळेल, पण अन्ननलिका शिल्लक राहणार नाही.

मालवणी_खाजा

ता माका कळला. बाटली हलवून घेतंय.

रापण (देवगड)

लेक आता शेजारी बसून वाचतेय. तिचा प्रश्न: प्रयोगशाळेत आम्ल आणि कॉस्टिक मिसळल्यावर परीक्षानळी गरम झाली. सगळ्या आम्लांना सारखीच गरम होते का?

जयगडचा_दीपस्तंभ

फार चांगला प्रश्न. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी, दोन्ही विरल, कुठलीही जोडी घ्या, पाण्याच्या दर मोलामागे साधारण ५७ किलोज्यूल उष्णता निघते. हायड्रोक्लोरिक आणि कॉस्टिक सोडा असो वा नायट्रिक आणि कॉस्टिक पोटॅश (पोटॅशिअम हायड्रॉक्साइड), आकडा जवळपास तोच. असं का? कारण तीव्र आम्ल पाण्यात आधीच आयनांत फुटलेलं असतं. सोडिअम आणि क्लोराइड नुसते बघे, आधीही सुटे आणि नंतरही सुटे. घडतं ते एवढंच:

एच⁺ + ओएच⁻ → एच₂ओ

आम्ल म्हणजे पाण्यात एच⁺ देणारं, ही मांडणी स्वीडनच्या अर्‍हेनियसची, पाण्यात पदार्थ आयनांत फुटतात या सिद्धांताबद्दल त्याला १९०३ चं नोबेल मिळालं. अ‍ॅसेटिकसारखं सौम्य आम्ल पूर्ण फुटलेलं नसतं, त्याला फोडण्यात थोडी ऊर्जा जाते, म्हणून उष्णता जरा कमी.

सोबत अजून एक. समीकरण पूर्ण झालं म्हणजे सामू ७ आला असं नव्हे. व्हिनेगर आणि कॉस्टिक बरोबर मोजून मिसळले तरी द्रावण किंचित आम्लारिधर्मी राहतं, कारण अ‍ॅसिटेट आयन पाण्याकडून थोडे एच ओढून घेतो. त्या अनुमापनाला (थेंबाथेंबाने मोजून मिसळायला) फिनॉल्फ्थॅलीन हा दर्शक वापरतात, कारण त्याचा रंग सामू ८ च्या पुढे बदलतो.

सोलकढी_आणि_मी

घरी करून बघायला: आमसुलाच्या लाल पाण्यात खायचा सोडा चिमटीचिमटीने घाला. फेस येईल आणि लाल रंग जाईल, जांभळट-निळसर होईल. जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी सोड्याने हिरवट होतं. हळदीच्या पाण्यात पानाचा चुना घातला की लाल. तीन वाट्या, तीन रंग. सोलकढीत मात्र हा प्रयोग नको, रंगही जातो आणि चवही.

पारिजातक_लांजा

मुलं करणार असतील तर दोन सूचना. चुना डोळ्यात उडाला तर नळाखाली डोळा धरून भरपूर वेळ धुवायचा आणि डॉक्टर गाठायचा. "आम्लाने आम्लारी मरते" म्हणून लिंबू-व्हिनेगर घालायचं नाही, उदासिनीकरणाची उष्णता आणखी भाजेल. आणि संहत आम्ल विरल करताना आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही.

लोटे_शिफ्ट_बी

+१.

जाता जाता माझ्या कामातलं एक. सल्फ्युरिकला आम्ही कॉस्टिकऐवजी बहुधा हायड्रेटेड लाइम (विरलेला चुना) घालतो, स्वस्त पडतं. शाळेत लिहाल:

एच₂एसओ₄ + सीए(ओएच)₂ → सीएएसओ₄ + २ एच₂ओ

पण टाकीत कॅल्शिअम सल्फेट कोरडं बसत नाही, ते दोन रेणू पाणी स्वतःच्या स्फटिकात धरून जिप्सम होतं. म्हणजे उजवीकडे एकच पदार्थ, सीएएसओ₄·२एच₂ओ, आणि सुटं पाणी शून्य. दोन्ही समीकरणं जुळतात. फरक फिल्टर प्रेसवर (गाळ दाबून पाणी काढायच्या यंत्रावर) कळतो. शंभर किलो आम्लामागे १७५ किलोच्या आसपास जिप्सम, तेही सुकवल्यावर. ओला गाळ त्याहून पुष्कळ, आणि तो उचलून न्यायचा खर्च आहेच. कॉस्टिकने गाळ होत नाही, पण सोडिअम सल्फेट सगळं पाण्यात राहतं आणि विरघळलेल्या क्षारांचा आकडा चढतो. कागदावर दोन्ही सारखेच साळसूद.

जयगडचा_दीपस्तंभ

रापणताई, लेकीसाठी दोन सोडवायला देतो. एक, अ‍ॅल्युमिनिअम हायड्रॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्ल, पूर्ण उदासिनीकरण. दोन, अमोनिया आणि फॉस्फोरिक आम्ल, तेही पूर्ण. दुसऱ्यात पाणी शोधत बसू नये.

रापण (देवगड)

हे तिचं उत्तर, मी फक्त टाईप केलंय:

"पहिलं: ओएच तीन, एच दोन, लसावि सहा. २ एएल(ओएच)₃ + ३ एच₂एसओ₄ → एएल₂(एसओ₄)₃ + ६ एच₂ओ. दुसरं: एच तीन, अमोनिया एकेक घेतो. ३ एनएच₃ + एच₃पीओ₄ → एनएच₄₃पीओ₄. पाणी नाही."

जयगडचा_दीपस्तंभ

पहिलं अचूक. ऑक्सिजन १८ आणि १८, तिने मोजला नसेल तर मोजायला सांगा. दुसऱ्यात आकडे बरोबर, पण अमोनिअमला कंस राहिला: (एनएच₄)₃पीओ₄. कंसाशिवाय ते हायड्रोजन त्रेचाळीस वाचले जातील.

लोटे_शिफ्ट_बी

आणि तिला सांगा, अमोनिया एकच मोल घातला तर? दोन घातले तर? तिन्ही समीकरणं वेगवेगळी जुळतात, आणि एक व दोनवाले दोन्ही पदार्थ खताच्या दुकानात एमएपी (मोनोअमोनिअम फॉस्फेट) आणि डीएपी (डायअमोनिअम फॉस्फेट) म्हणून मिळतात.